लष्करी जर्सी आणि आपल्या सुया



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. किराणा सामानाची यादी आणि माहेरची पत्रे यांपलीकडे माझ्या हातून लेखन झालेले नाही. पण चिटणीसबाई मागे हटणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या हाताला विणकाम आहे ना? मग त्याच्यावरच लिहा." घरी आले, ट्रंक उघडली, तिच्यातले दोन जुने स्वेटर पुढ्यात घेतले आणि लिहायला बसले. त्या दोन स्वेटरांचा जो इतिहास मला घरात ऐकून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून कळला, तो आपल्यापुढे ठेवते. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर माझ्या मुलाने मला मराठीत सांगितला, तेव्हा त्याचेही श्रेय त्याला देते.

पहिला स्वेटर माझ्या वडिलांचा. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. फौजेत स्वेटर म्हणत नाहीत, जर्सी म्हणतात. ही जर्सी ऑलिव्ह रंगाची म्हणजे कच्च्या आवळ्यासारखी हिरवी, जाड, अंगाबरोबर बसणारी. खांद्यावर आणि कोपरांवर कापडी ठिगळे लावलेली. लहानपणी मला त्या ठिगळांची फार लाज वाटे. अण्णा सुट्टीवर आले की तीच जर्सी घालून शेतात जात, तीच घालून बाजाराला, आणि एकदा तर माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही तीच घालून आले. मी त्यांना दारातच म्हणाले, "अण्णा, ठिगळं लावलेला स्वेटर घालून कशाला आलात?" ते हसले आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. ती ठिगळे फाटले म्हणून लावलेली नसतात, फाटू नये म्हणून आधीच लावलेली असतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. बंदुकीचा दस्ता खांद्याला घासतो, पोटावर सरपटताना कोपरे दगडावर घासतात, पाठपिशवीचे पट्टे खांद्यावर रुततात. लोकर तिथेच आधी झिजणार, म्हणून तिथे कापड. आपण पोराच्या विजारीला गुडघ्याशी आतून दुहेरी कापड घालतो, त्यातलाच हा विचार.

ह्या जर्सीचे मूळ शोधू गेले तर मोठी मौज आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात जर्सी आणि गर्न्सी नावाची दोन लहान बेटे आहेत. आपल्या भागात दुधाला जी जर्सी गाय पाळतात, ती मूळची ह्याच जर्सी बेटावरची. म्हणजे गोठ्यातली जर्सी आणि अंगातली जर्सी ह्या दोघी एकाच माहेरच्या! त्या बेटांवरच्या बायका कोळ्यांसाठी घट्ट विणीचे लोकरी अंगरखे विणीत. समुद्राचा वारा आत शिरू नये म्हणून वीण दाट, आणि पुढची-मागची बाजू सारखी, म्हणजे कोपर झिजले की उलटे फिरवून घालता यावे. पुढे अशाच विणीचे स्वेटर खलाशांच्या आणि सैनिकांच्या अंगावर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी फौजेत गोल गळ्याची, उभ्या धारीची, ठिगळांची जर्सी चांगलीच रुळली. तिकडचे शिपाई तिला लाडाने "वूली पुली" म्हणतात. आपल्या फौजेची जर्सी हिच्याच घराण्यातली.

उभी धार म्हणजे आपली दोन सुलट, दोन उलट. आपण ही वीण काठाला आणि मनगटाला घालतो, कारण ती ताणली तर ताणते आणि सोडली की परत अंगाशी येते. सैनिकाच्या जर्सीला ती अंगभर असते. त्यामुळे हात वर केला तरी कमरेकडून वारा शिरत नाही.

आता आपल्या नेहमीच्या बोलण्यातले तीन शब्द घ्या. पुढून उघडणाऱ्या, बटणांच्या स्वेटरला आपण कार्डिगन म्हणतो. गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जाणारी बाही ती रॅगलन. आणि आपल्याकडे थंडीत म्हाताऱ्यांच्या व पोरांच्या डोक्यावर दिसणाऱ्या माकडटोपीला इंग्रजीत म्हणतात बॅलाक्लाव्हा. हे तिन्ही शब्द एकाच लढाईतून आले आहेत, हे मला ठाऊक नव्हते. १८५३ ते १८५६ ह्या काळात इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क एका बाजूला व रशिया दुसऱ्या बाजूला असे क्रिमियाचे युद्ध झाले. लॉर्ड रॅगलन हे तिथल्या इंग्रजी फौजेचे सेनापती. त्यांचा एक हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. लॉर्ड कार्डिगन हे घोडदळाचे अधिकारी. आणि बॅलाक्लाव्हा हे तिथल्या बंदराचे नाव. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी तिथे मोठी लढाई झाली आणि कार्डिगन ह्यांनी आपले घोडदळ तोफांच्या तोंडी घातले.

पण माझ्या मनाला लागली ती गोष्ट वेगळीच आहे. हिवाळ्याच्या आधी लढाई उरकेल असा इंग्रज सरकारचा हिशोब होता. तो चुकला. मग उशिराने गरम कपडे भरून "प्रिन्स" नावाचे जहाज पाठवले. ते बंदराबाहेर उभे असतानाच १४ नोव्हेंबर १८५४ रोजी प्रचंड वादळ झाले आणि जहाज सगळ्या कपड्यांसकट बुडाले. उघड्या माळावर, फाटक्या गणवेशात त्या शिपायांनी हिवाळा काढला. त्या युद्धात शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने आणि रोगाने अधिक माणसे गेली. ह्या बातम्या वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचल्या तेव्हा इंग्लंडमधल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. टोप्या, हातमोजे, गळपट्टे विणून तिकडे धाडले. आपण नातवाला माकडटोपी घालतो, तिच्यामागे ही एवढी हकीकत आहे.

त्यानंतर साठ वर्षांनी पहिले महायुद्ध झाले आणि पुन्हा तेच घडले. १९१४ च्या सप्टेंबरअखेर आपली हिंदी पलटणे फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरली. अंगावर आपल्याकडच्या हवेला योग्य असे सुती खाकी कपडे. तशाच वेषात त्यांना उत्तरेच्या चिखलात आणि थंडीत खंदकांत उतरवले. गरम कपडे मागाहून, सावकाश पोचले. त्याच सुमारास इंग्लंडच्या मेरी राणीने बायकांना आवाहन करून तीन लाख मोज्यांचे जोड आणि तीन लाख पोटपट्टे मागितले होते. मोज्याचे टोक शिवण न दिसता बंद करण्याची जी युक्ती आहे, तिला त्या वेळचे युद्धमंत्री किचनेर यांचे नाव आहे. बोटाशी शिवणीची गाठ आली तर चालून चालून फोड येतो, आणि फोड आलेला शिपाई लढायच्या कामाचा राहत नाही. एवढ्याशा टाक्यावर एवढे अवलंबून!

आपल्या मराठा पलटणी त्या वेळी बहुतांशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुट गावी तिला तुर्कांनी वेढले होते, आणि तीत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. वाळवंट म्हटले की आपल्याला ऊन आठवते. पण तिथल्या हिवाळ्यातली रात्र हाडे गोठवणारी असते. शेवटी अन्न संपून फौज शरण गेली. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांतून घरटी माणसे फौजेत गेलेली. त्या गावाला अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांना विणता येत नव्हते. दोन सुयांचे विणकाम आपल्या खेड्यांत तेव्हा पोचलेलेच नव्हते. आपल्याकडे लोकर म्हणजे धनगराने मागावर विणलेली काळी घोंगडी. त्या बायका काय पाठवीत असतील, असा विचार मनात येतो. बहुधा नवसच.

दुसऱ्या महायुद्धात मराठे इटलीत लढले. तिथले डोंगर हिवाळ्यात बर्फाने भरतात. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कोकणातले, आताच्या रायगड जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी तोच मान मिळवला. ते नगर जिल्ह्यातले. कोकणातल्या आणि नगरच्या उन्हातली ही माणसे. १९४४-४५ चा आख्खा हिवाळा मराठ्यांनी त्या डोंगरांत काढला. त्या वेळी अंगावर लोकर होती म्हणून हात बंदुकीवर चालले.

आता दुसऱ्या स्वेटरकडे येते. हा हाताने विणलेला आहे. रंग तोच हिरवा, पण ह्याची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटे लांब आहे. हा माझ्या सासूबाईंनी विणला, आणि त्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्यावर हल्ला केला. ईशान्येला नामका चू नावाच्या ओढ्याकाठी आपली सातवी ब्रिगेड होती. कित्येक जवानांच्या अंगावर उन्हाळ्याचे सुती कपडे, आणि माणशी एक कांबळे. तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी शत्रूच्या हाती सापडले. सुटून आल्यावर त्यांनी "हिमालयन ब्लंडर" हे पुस्तक लिहून ती सगळी हकीकत १९६९ साली जगापुढे मांडली. तिकडे लडाखात रेझांग ला येथे सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर १८ नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग यांची कुमाऊं पलटणीची तुकडी लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ जण पडले. पुढच्या वर्षी त्यांचे देह मिळाले ते खंदकात, हत्यारे हातात धरून गोठलेले.

सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या, आठवीत होत्या. देशभर बायका राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने काढून देत होत्या. शाळाशाळांतून मुली जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. सासूबाईंच्या शाळेतही शिवणाच्या बाईंनी मुलींना हिरव्या लोकरीच्या लड्या वाटल्या. छाती इतकी, लांबी इतकी, बाही इतकी, असे फळ्यावर लिहून दिले. सासूबाई दिवसा शाळेत आणि रात्री कंदिलाशी विणत. डोळ्यावर झोप, ओळी मोजायला चुकल्या आणि एक बाही लांब झाली. बाई म्हणाल्या, "उसवून परत विण." पण गठ्ठे दुसऱ्याच दिवशी निघायचे होते. स्वेटर राहून गेला. घरी वडिलांनी विचारले, "दिलास का गं?" सासूबाईंच्या तोंडून "हो" निघून गेले. वडिलांनी पाठीवर हात ठेवला. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. त्याच दिवसांत आपले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे जो तो म्हणत होता, आणि ह्या पोरीने मात्र हिमालयावरचा एक स्वेटर ट्रंकेच्या तळाशी लपवला होता.

सासूबाईंनी मला हे सांगितले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. म्हणाल्या, "लोकर शाळेची, म्हणजे देशाची. ती मी ठेवून घेतली. रेडिओवर गोठलेल्या जवानांचं ऐकलं की मला वाटायचं, त्यातला एक माझ्या वाटणीचा होता." मी म्हटले, "आई, एका स्वेटरनं काय होणार होतं?" त्या म्हणाल्या, "एका माणसाला एकच लागतो."

पुढे २००४ च्या डिसेंबरात अण्णा आमच्याकडे मुक्कामाला आले. त्या साली साताऱ्यात थंडी कडाक्याची होती आणि अण्णांची जर्सी गावी राहिली होती. सकाळी ते अंगणात हात चोळत उभे होते. सासूबाई आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि त्या हा स्वेटर घेऊन बाहेर आल्या. अण्णांच्या हातात देऊन म्हणाल्या, "पाव्हणं, हा तुमचाच आहे. पोचायला बेचाळीस वर्षं उशीर झाला." मग उभ्या उभ्याच सगळे सांगितले. अण्णांनी स्वेटर अंगात घातला. उजवी बाही मनगटावर आली, डावी बोटांवर. त्यांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले आणि म्हणाले, "विहीणबाई, बंदुकीखाली धरायचा हात जरा लांबच लागतोय. बरोबर विणलाय." त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना तीन वेळा चहा करून दिला.

तो स्वेटर अण्णांनी पंधरा हिवाळे वापरला. शेवटी शेवटी ते सरकारी जर्सी पेटीत ठेवीत आणि हाच घालून पाण्याच्या पाळीला जात. २०१९ साली ते गेले. भावाने दोन्ही स्वेटर माझ्याकडे दिले. सरकारी जर्सीला कसरीने तीन भोके पाडली होती. त्याच रंगाची लोकर मिळेना, तेव्हा काठाच्या आतल्या बाजूचा दोरा काढून मी ती भोके भरली. रफू करताना खांद्यावरचे ठिगळ हाताखाली आले, आणि शाळेच्या दारात मी त्यांना काय बोलले होते ते आठवले. त्यांना क्षमा मागायची राहून गेली. ती इथे लिहून मागते.

लोकरीबद्दल थोडे सांगते, कारण नुसते रडगाणे गाऊन लेख संपवणे बरे नव्हे. लोकरीचा धागा नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकून राहते आणि ती हवाच ऊब धरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिते, तरी हाताला ओली लागत नाही. ठिणगी पडली तरी सुतासारखी भडकत नाही. म्हणून शिपायाला, खलाशाला आणि शेतकऱ्याला ती शोभते. तिला घासू नये, पिळू नये, गरम पाण्यात घालू नये, दोरीवर लोंबकळत वाळवू नये. चटईवर पसरून सावलीत वाळवावी. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि वर्षातून दोनदा ऊन दाखवावे. स्वच्छ स्वेटरला कसर कमी लागते. घामट ठेवला की ती आधी तिथेच बसते.

माझा मुलगा आता कॉलेजात जातो आणि आजोबांची जर्सी त्याला नेमकी बसते. हल्ली बाजारात फौजी नमुन्याचे कपडे पुष्कळ मिळतात. पण २०१६ साली पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्करानेच नागरिकांना विनंती केली होती की, फौजेच्या नमुन्याचे कपडे घालू नका. म्हणून मी त्या जर्सीच्या खांद्यावरच्या पट्ट्या काढून पाकिटात ठेवल्या आणि मगच ती त्याला दिली. त्याला सांगितले, पट्ट्या हव्या असतील तर बेळगावला जाऊन मिळव. ऊब मात्र आजोबांची, ती तुझीच आहे.

भगिनींनो, एवढा इतिहास चाळल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. क्रिमिया घ्या, फ्रान्स घ्या की नामका चू घ्या, प्रत्येक वेळी वरच्या माणसांचा हिशोब चुकला आणि मग बायकांच्या सुया चालू झाल्या. आपल्या मायेचा मला अभिमान आहे. पण जवानाच्या अंगावर वेळेवर गरम कपडा असणे हे सरकारचे काम आहे, ते शाळेतल्या पोरीच्या कंदिलावर सोडायचे नसते. चौदा वर्षांच्या मुलीने एका जवानाच्या मरणाचे ओझे बेचाळीस वर्षे वागवावे, हा तिचा दोष नव्हता. हे सासूबाईंना मी पुष्कळदा सांगितले. अण्णांनी तो स्वेटर अंगात घातला तेव्हा कुठे त्यांना ते पटले असावे.

सासूबाई आता थकल्या आहेत. डोळ्यांना सुई दिसत नाही, पण बोटांना टाका अजून कळतो. मी विणत बसले की हात फिरवून सांगतात, "इथं एक उलट राहिलाय." आणि तो राहिलेलाच असतो. आपल्या मंडळात विणणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच उरल्या आहेत. ज्या कोणाला शिकायचे असेल तिने दुपारी आमच्या घरी यावे. सुया माझ्याकडे आहेत, लोकर आपापली आणावी. सुरुवात माकडटोपीने करू. आणि कोणाची बाही लांब झालीच, तर उसवायच्या आधी सासूबाईंना दाखवावी.